उच्च शिक्षणातील समाजमाध्यमांचा वापर

उच्च शिक्षणातील समाजमाध्यमांचा वापर म्हणजे व्हॉट्सॲप, यूट्यूब, टेलिग्राम, फेसबुक, इन्स्टाग्राम यांसारख्या, मूलतः शिक्षणासाठी न घडवलेल्या माध्यमांचा महाविद्यालयीन व विद्यापीठीय अध्यापनासाठी केला जाणारा उपयोग होय. सूचना देणे, अभ्याससाहित्य पोहोचवणे, शंकानिरसन करणे, चर्चा घडवणे आणि विद्यार्थ्यांकडून नवे साहित्य निर्माण करून घेणे हे त्याचे प्रमुख प्रकार आहेत. महाराष्ट्रात २०१६ नंतर हा वापर वेगाने वाढला आणि २०२०–२१ मधील कोविड-१९ साथीच्या काळात तो जवळजवळ सार्वत्रिक झाला. मराठवाड्यातील रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी, जेथे विद्यार्थ्याच्या घरी संगणक क्वचितच असतो, तेथे सूचनाफलकाचे आणि काही अंशी वर्गाचेही काम मोबाईलवर येऊन पडले. त्यामुळे हा विषय केवळ तंत्रज्ञानाचा न राहता शिक्षणातील समान संधीचाही झाला आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

समाजमाध्यमांत वापरकर्ता हा केवळ वाचक किंवा प्रेक्षक नसतो. तो स्वतः मजकूर, चित्र, ध्वनी वा चित्रफीत प्रसिद्ध करू शकतो आणि इतरांच्या मजकुरावर प्रतिक्रिया देऊ शकतो. या अर्थाने अनेकांनी मिळून लिहिला जाणारा विकिपीडियाही व्यापक व्याख्येनुसार समाजमाध्यमांत मोडतो.

मूडल (२००२) किंवा गूगल क्लासरूम (२०१४) यांसारख्या अध्ययन व्यवस्थापन प्रणाली यांहून वेगळ्या आहेत. त्या अध्यापनासाठीच घडवलेल्या असतात. त्यांत अभ्यासक्रमाची मांडणी, स्वाध्याय जमा करण्याची सोय, गुणांची नोंद आणि संस्थेचे नियंत्रण असते. समाजमाध्यमांत यांपैकी बहुतेक सोयी नसतात. मात्र ती विद्यार्थ्याच्या मोबाईलवर आधीपासूनच असतात, ती वापरण्यासाठी वेगळे प्रशिक्षण लागत नाही आणि संस्थेला त्यांवर खर्च करावा लागत नाही. प्रणाली चालवण्यासाठी स्वतंत्र तंत्रज्ञ नेमू न शकणाऱ्या लहान महाविद्यालयांत त्यांचा प्रसार अधिक होण्याचे हे मुख्य कारण आहे.

पार्श्वभूमी

वर्गाबाहेरील विद्यार्थ्यापर्यंत संपर्कमाध्यमांतून पोहोचण्याचे प्रयत्न भारतात जुने आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने १५ ऑगस्ट १९८४ रोजी दूरदर्शनवरून ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला. महाविद्यालयापर्यंत पोहोचू न शकणाऱ्यांसाठी १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांच्या सहकार्याने २००३ मध्ये सुरू झालेल्या एनपीटीईएल प्रकल्पाची व्याख्याने पुढे यूट्यूबवर खुली झाली. दूरदर्शनवरील कार्यक्रमात संवाद एकाच दिशेने होत असे. विद्यार्थ्याला प्रश्न विचारता येत नसे. समाजमाध्यमांनी ही उणीव भरून काढण्याची शक्यता निर्माण केली.

फेसबुकचा प्रारंभ फेब्रुवारी २००४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी झाला आणि सप्टेंबर २००६ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. म्हणजे आजच्या सर्वांत मोठ्या समाजमाध्यमांपैकी एक मुळात महाविद्यालयाच्या आवारातच जन्मले. मात्र त्याचा हेतू शिक्षण नव्हता, ओळखीपाळखी हा होता. २००८ मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठामार्फत एक खुला अभ्यासक्रम चालवला. त्यात शुल्क भरणारे सुमारे २५ विद्यार्थी आणि विनाशुल्क सहभागी झालेले सुमारे २,२०० जण होते. ज्ञान हे व्यक्तींच्या परस्पर जोडणीतून वाढते, या सीमेन्स यांच्या मांडणीची ती प्रत्यक्ष चाचणी होती.

महाराष्ट्रात या विषयातील बोधप्रद प्रयोग २०११ मध्ये पुणे येथे झाला. विकिमीडिया फाउंडेशनच्या ‘इंडिया एज्युकेशन प्रोग्रॅम’ या उपक्रमात पुण्यातील तीन संस्थांच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून इंग्लिश विकिपीडियावर लेखन केले. विद्यार्थिसंख्या मोठी आणि मार्गदर्शक कमी असल्याने अनेकांनी पुस्तके व संकेतस्थळांवरील मजकूर जसाच्या तसा उतरवला. प्रताधिकाराचा भंग करणारा हा मजकूर शोधून काढण्याचे काम स्वयंसेवी संपादकांच्या आवाक्याबाहेर गेले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हा प्रयोग थांबवावा लागला. स्वतःच्या शब्दांत लिहिण्याचा सराव आणि मार्गदर्शकांची पुरेशी संख्या यांवाचून खुल्या माध्यमावर लेखन करून घेणे कितपत निभते, हे त्यातून दिसून आले. मराठी विकिपीडियावरील लेखनाच्या कार्यशाळा पुढेही महाराष्ट्रातील महाविद्यालयांत होत राहिल्या. जानेवारीतील मराठी भाषा संवर्धन पंधरवडा हे त्यांचे एक निमित्त असते.

सप्टेंबर २०१६ मध्ये रिलायन्स जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाईलवरील इंटरनेटचे दर झपाट्याने उतरले आणि ग्रामीण विद्यार्थ्याला चित्रफीत पाहणे परवडू लागले. ९ जुलै २०१७ रोजी केंद्र शासनाने ‘स्वयम्’ हे व्यासपीठ सुरू केले. त्यावरील अभ्यासक्रमांतून मिळवता येणाऱ्या श्रेयांकांची मर्यादा २०१६ च्या विनियमांत २० टक्के होती; ती २०२१ मध्ये ४० टक्के झाली.

नांदेड–लातूर परिसर आणि रेणापूर

लातूर, नांदेड, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेड येथे स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे उपपरिसर केंद्र लातूर येथे आहे. रेणापूर हे लातूर जिल्ह्यातील दहा तालुक्यांपैकी एका तालुक्याचे मुख्यालय असून रेणुकादेवीच्या मंदिरासाठी ते परिसरात ओळखले जाते. येथील शिवाजी महाविद्यालय याच विद्यापीठाशी संलग्न आहे.

लातूर शहराचे नाव ‘लातूर पॅटर्न’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परीक्षाकेंद्रित अध्यापनपद्धतीशी जोडले जाते. या पद्धतीचा भर बारावीपर्यंतच्या अभ्यासावर आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांवर आहे. शहराबाहेरच्या पदवी महाविद्यालयांचे चित्र वेगळे आहे. तालुक्याच्या ठिकाणी कला, वाणिज्य व विज्ञान शाखांत शिकणारे अनेक विद्यार्थी आसपासच्या गावांतून एसटीने ये-जा करतात. तास संपले की घराकडे जाणाऱ्या गाडीची वेळ गाठावी लागते. त्यामुळे ग्रंथालयात बसणे किंवा तासानंतर थांबून शिक्षकांना शंका विचारणे अनेकांना जमत नाही. सोयाबीनची काढणी, हरभऱ्याची रास अशा दिवसांत उपस्थिती घटते. अशा ठिकाणी वर्गाचा व्हॉट्सॲप गट ही चैन नसून तासाला येऊ न शकलेल्या विद्यार्थ्याचा महाविद्यालयाशी उरलेला एकमेव धागा ठरू शकतो.

ही गरज साथीच्या काळात ठळक झाली. मार्च २०२० मध्ये राज्यातील महाविद्यालये बंद झाली. १५ फेब्रुवारी २०२१ पासून ती मर्यादित उपस्थितीत उघडली, परंतु साथीच्या दुसऱ्या लाटेमुळे पुन्हा बंद पडली. २० ऑक्टोबर २०२१ पासून प्रत्यक्ष वर्ग परत सुरू झाले, तोच एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. वर्ग उघडे असूनही खेड्यातील विद्यार्थ्याला महाविद्यालय गाठणे अवघड झाले. रेणापूरसारख्या ठिकाणी दूरस्थ अध्यापनाची गरज साथीबरोबर संपली नाही, याचे हे एक कारण आहे.

अध्यापनातील उपयोगाचे प्रकार

सूचना व समन्वय: वेळापत्रक, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती आणि निकाल यांविषयीच्या सूचना हा सर्वाधिक आढळणारा उपयोग आहे. २०१८ पासून व्हॉट्सॲप गटात केवळ प्रशासकांनाच संदेश टाकता येईल अशी सोय आहे. गटाची सदस्यमर्यादा २०१६ मध्ये २५६ होती. २०२२ मध्ये ती प्रथम ५१२ आणि नंतर १,०२४ झाली. त्यामुळे एका महाविद्यालयाचे संपूर्ण वर्षही एका गटात सामावते.

साहित्याचे वितरण: टिपणे, प्रश्नपत्रिका, ध्वनिमुद्रित स्पष्टीकरणे आणि चित्रफिती पाठवल्या जातात. ज्यांचे इंटरनेट मंद आहे त्यांना तासाभराच्या चित्रफितीपेक्षा पाच मिनिटांचे ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी पडते. ते कमी डेटात उतरते आणि शेतातील काम करतानाही ऐकता येते.

शंकानिरसन व चर्चा: भर वर्गात प्रश्न विचारण्यास संकोचणारे विद्यार्थी लेखी प्रश्न विचारतात, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी संज्ञा अडते तेव्हा मराठीतून विचारलेला प्रश्न आणि मराठीतून मिळालेले उत्तर यांचे मोल मोठे असते. देगलूर, उदगीर यांसारख्या सीमाभागात तेलुगू, कन्नड, उर्दू या भाषांचाही अशा चर्चेत शिरकाव होतो.

निर्मिती: विद्यार्थ्याने स्वतः काही तयार करून मांडणे हा सर्वांत कष्टाचा, पण शिक्षणदृष्ट्या सर्वांत फलदायी प्रकार मानला जातो. उदाहरणार्थ, भूगोलाचे विद्यार्थी आपापल्या गावातील विहिरींच्या पाणीपातळीची दर आठवड्याला नोंद करून ती गटात मांडू शकतात. सत्राच्या अखेरीस या नोंदी एकत्र केल्या की तालुक्यातील भूजलाचा एक छोटा अभ्यास हाती येतो. मराठीचे विद्यार्थी गावातील म्हणी व जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करू शकतात. वाणिज्यचे विद्यार्थी बाजार समितीतील सोयाबीनच्या भावांचा आलेख मांडू शकतात. विद्यार्थी विखुरलेल्या गावांत राहतात ही एरवीची अडचण अशा कामात सोयीची ठरते.

संशोधनातील निष्कर्ष

समाजमाध्यमांमुळे शिक्षण सुधारते की बिघडते, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. नील सेल्विन यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ब्रिटनमधील एका विद्यापीठाच्या ९०९ विद्यार्थ्यांच्या फेसबुकवरील नोंदी तपासल्या. त्यांपैकी अगदी थोड्या नोंदी शिक्षणाशी संबंधित होत्या. त्यांतही अभ्यासापेक्षा गाऱ्हाणी, परीक्षेची धास्ती आणि व्यावहारिक चौकशी अधिक होती. पॉल किर्शनर व आर्यन कार्पिन्स्की यांना २०१० च्या अभ्यासात फेसबुक वापरणाऱ्या विद्यार्थ्यांचे सांगितलेले गुण आणि अभ्यासाचे तास न वापरणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. मात्र असा सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. अभ्यासात मन न रमणारा विद्यार्थीच फेसबुककडे अधिक वळत असण्याचीही शक्यता असते.

याउलट रेनॉल जंको व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकेतील १२५ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. ७० विद्यार्थ्यांच्या गटात ट्विटरचा वापर अध्यापनात गुंफला गेला. ५५ विद्यार्थ्यांच्या गटात तो नव्हता. सत्राच्या अखेरीस पहिल्या गटाचा शैक्षणिक सहभाग आणि गुण दोन्ही अधिक आढळले. २०१३ मधील पुढील अभ्यासात जंको व सहकाऱ्यांनी आणखी एक बाब नोंदवली. जेथे ट्विटरचा वापर अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग होता आणि शिक्षक स्वतः संवादात भाग घेत होते, तेथे लाभ दिसला. जेथे वापर ऐच्छिक होता आणि शिक्षकांचा सहभाग नव्हता, तेथे तो दिसला नाही.

हे अभ्यास एकत्र वाचले असता फरक माध्यमापेक्षा त्याच्या योजनेत असल्याचे दिसते. केवळ गट स्थापन केल्याने शिक्षण घडत नाही. विद्यार्थ्याला निश्चित काम देणे आणि त्या कामाला शिक्षकाने उत्तर देणे यांवर परिणाम अवलंबून असतो.

मर्यादा आणि आक्षेप

साधनांची विषमता: राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७–१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता आणि १४.९ टक्के कुटुंबांना इंटरनेटची सोय होती. शहरी भागात हे प्रमाण अनुक्रमे २३.४ आणि ४२ टक्के होते. मोबाईलचा प्रसार त्यानंतर वाढला असला, तरी अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर घरातील कर्त्या माणसाबरोबर बाहेर असतो. अशा घरातील विद्यार्थ्याला दुपारची सूचना रात्री मिळते.

मुलींची अडचण: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी-५ (२०१९–२१) नुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ३८ टक्के स्त्रियांनी आणि ६१.५ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. मुलीच्या हाती स्वतःचा मोबाईल देण्यास काही कुटुंबांचा विरोध असतो. त्यातच व्हॉट्सॲपच्या सामान्य गटात प्रत्येकाचा क्रमांक इतर सर्वांना दिसतो आणि त्यातून त्रासदायक संदेश व फोन येण्याची शक्यता निर्माण होते. त्यामुळे काही विद्यार्थिनी गटात वडिलांचा वा भावाचा क्रमांक देतात. अशा वेळी शंका विचारण्याचा मार्ग त्यांच्यासाठी व्यवहारतः बंद होतो. व्हॉट्सॲपच्या ‘चॅनल’ या सोयीत आणि टेलिग्राममध्ये क्रमांक न दाखवता सहभागी होता येते.

लक्ष विचलित होणे: अभ्यासाचा संदेश आणि करमणुकीची चित्रफीत एकाच पडद्यावर येतात. ही माध्यमे वापरकर्त्याला अधिकाधिक काळ गुंतवून ठेवण्यासाठी रचलेली असतात. एका विषयावरील सलग वाचनाला त्यांची रचना पोषक नाही.

माहितीची विश्वासार्हता: गटात पुढे ढकललेली टिपणे कोणी लिहिली आणि कोठून आली, हे बहुधा कळत नाही. परीक्षा पुढे ढकलल्याची खोटी परिपत्रके पसरण्याचे प्रकार घडतात. मूळ स्रोत तपासण्याची सवय लावणे हा म्हणूनच अध्यापनाचा भाग ठरतो.

शिक्षकांवरील भार: गटावर रात्री-अपरात्री येणाऱ्या प्रश्नांना उत्तरे देणे हे काम कार्यभाराच्या तासांत मोजले जात नाही. तासिका तत्त्वावरील अध्यापकांना त्याचा मोबदलाही मिळत नाही.

कायदेशीर व धोरणात्मक बाजू

केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीच्या याचिकेवर निकाल देताना इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले. वसतिगृहात सायंकाळी मोबाईल वापरण्यावर घातलेल्या बंदीच्या संदर्भात हा निकाल होता.

गटाचा प्रशासक म्हणून शिक्षकाची जबाबदारी किती, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणात यावर निकाल दिला. समान हेतू वा पूर्वनियोजित कट दिसत नसल्यास सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ प्रशासक असल्यामुळे कोणाला फौजदारी दृष्ट्या जबाबदार धरता येत नाही, असे खंडपीठाने म्हटले.

प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींसाठी अपवाद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणात त्याचा व्यापक अर्थ लावला. तथापि संपूर्ण पुस्तकाची पीडीएफ हजारो अनोळखी सदस्य असलेल्या खुल्या वाहिनीवर टाकण्यास हा अपवाद आपोआप लागू होतो, असे मानता येत नाही.

जुलै २०१९ मध्ये तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्रालयाने उच्च शिक्षणसंस्थांना ‘सोशल मीडिया चॅम्पियन’ नेमण्यास आणि विद्यार्थ्यांची खाती संस्थेच्या व मंत्रालयाच्या खात्यांशी जोडण्यास सांगितले. ही पाळत असल्याची टीका झाली. चांगल्या कामाची माहिती पसरवणे एवढाच हेतू असल्याचे मंत्रालयाने स्पष्ट केले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे. कनिष्ठ महाविद्यालय जोडलेल्या संस्थांच्या दृष्टीने ही तरतूद महत्त्वाची आहे. अनौपचारिक व्हॉट्सॲप गटांतून कनिष्ठ विद्यार्थ्यांचा छळ करणे हेही रॅगिंग मानले जाईल, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये संस्थांना कळवले.

वापराची पथ्ये

वरील मर्यादा लक्षात घेता काही पथ्ये सुचवली जातात. सूचनांचा गट आणि चर्चेचा गट वेगळे ठेवल्यास महत्त्वाची सूचना शुभेच्छांच्या संदेशांत हरवत नाही. सदस्यत्व ऐच्छिक असावे आणि विद्यार्थ्याचा क्रमांक इतरांना दिसणार नाही असा पर्याय उपलब्ध असावा. उत्तरे देण्याच्या वेळा ठरवून जाहीर कराव्यात. चित्रफितीबरोबर तिचा लेखी सारांश द्यावा. गटावरील हजेरी वा प्रतिसाद यांवर अंतर्गत गुण अवलंबून ठेवल्यास मोबाईल नसलेल्या विद्यार्थ्यावर अन्याय होतो, म्हणून स्वाध्याय कागदावर देण्याची मुभा असावी.

सर्वांत महत्त्वाचे पथ्य नोंदीसंबंधीचे आहे. परीक्षा अर्जाची मुदत किंवा शिष्यवृत्तीची सूचना केवळ गटावर प्रसिद्ध झाली, तर मोबाईल बिघडलेल्या वा रिचार्ज संपलेल्या विद्यार्थ्याचे शैक्षणिक वर्ष धोक्यात येऊ शकते. म्हणून अशी प्रत्येक सूचना महाविद्यालयाच्या फलकावर आणि संकेतस्थळावरही लावणे आवश्यक ठरते. समाजमाध्यम हे वर्ग, ग्रंथालय आणि सूचनाफलक यांना पूरक ठरू शकते. त्यांची जागा त्याने घेतल्यास ज्यांच्यासाठी ते आणले, तेच विद्यार्थी प्रथम बाहेर राहतात.